सहा एप्रिलचा झेंडा : एका पाठ झालेल्या गोष्टीची चिकित्सा

(सोलापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय पत्रिकेवर ‘राष्ट्रध्वज आणि वसाहतीचा भूतकाळ’ असा छापला आहे. हा विषय दिल्लीपासून सुरू केला की त्याचं पंधरा ऑगस्टचं भाषण होतं. तीन रंगांचे तीन अर्थ सांगायचे, चोवीस आऱ्या मोजायच्या आणि टाळ्या घ्यायच्या. मी दिल्लीपासून सुरू करणार नाही, सोलापूरपासून करणार आहे. या शहराकडे झेंड्याची स्वतःची एक गोष्ट आहे आणि ती आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पाठ झालेली गोष्ट आपण ऐकत नाही, नुसती मान डोलावतो. कवितेची समीक्षा करताना जे करतो तेच आज या गोष्टीचं करू. ती काय सांगते, काय गाळते आणि आपण ती कशासाठी सांगतो, हे तपासू.

गोष्ट थोडक्यात अशी. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. त्याच दिवशी सोलापूरच्या नगरपालिकेच्या इमारतीवर पुण्याचे ज्येष्ठ पुढारी अण्णासाहेब भोपटकर यांच्या हस्ते राष्ट्रीय झेंडा चढवला गेला. माणिकचंद शहा तेव्हा नगराध्यक्ष होते. पुढे मे महिन्यात गांधीजींना अटक झाली, शहर पेटलं, ८ मे रोजी गोळीबार झाला, मंगळवार पेठेच्या पोलीस चौकीवर दोन पोलीस मारले गेले. ९, १० आणि ११ मे या दिवसांत शहरावर इंग्रजांची हुकूमत उरली नाही. १२ मेला मार्शल लॉ आला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. त्यांचे पुतळे शहराच्या मध्यात आहेत. पुण्याला जाणाऱ्या गाडीलाही आपण ‘हुतात्मा एक्स्प्रेस’ म्हणतो.

आणि या गोष्टीचं शीर्षक ठरलेलं आहे : ‘झेंडा फडकवणारी देशातली पहिली नगरपालिका.’

पहिल्यांदा या ‘पहिली’ शब्दाकडे बघू. रागावू नका. जबलपूरच्या टाऊन हॉलवर १९२२ मध्ये, काँग्रेसची चौकशी समिती गावात आली होती तेव्हा, हाच झेंडा लागला होता. त्यावरून थेट ब्रिटिश पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारला गेला आणि पुन्हा असं होऊ देणार नाही, असं सरकारला सांगावं लागलं. १९२३ मध्ये तिथे परवानगी नाकारली गेली आणि त्यातून आपल्या नागपूरचा झेंडा सत्याग्रह उभा राहिला. मे ते ऑगस्ट असा तो चालला. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, मग वल्लभभाई पटेलांनी सूत्रं हाती घेतली. सिव्हिल लाइन्समधून झेंडा नेऊ द्या, एवढीच मागणी होती आणि तेवढ्यासाठी देशभरातून माणसं येऊन शेकड्यांनी तुरुंगात जात होती.

तेव्हा ‘पहिली’ या शब्दावर फार भार देऊ नये. पराक्रम पहिला होता म्हणून मोठा, हा हिशोब विक्रमांच्या पुस्तकाचा झाला. सोलापूरच्या कृतीचं मोठेपण दुसरीकडे आहे आणि ‘पहिली’च्या नादात ते झाकलं जातं.

ते मोठेपण ‘नगरपालिका’ या शब्दात आहे. झेंडा काँग्रेस कार्यालयावर लावला तर ते एका पक्षाचं मत झालं. कलेक्टर नाक मुरडेल आणि पुढे जाईल. नगरपालिकेची गोष्ट वेगळी. ही संस्था कोणी दिली? इंग्रजांनीच दिली. १८८२ चा लॉर्ड रिपनचा ठराव आपण शाळेत शिकलो, ‘स्थानिक स्वराज्य’ वगैरे. स्वराज्य कसलं, तर दिवाबत्तीचं, गटारांचं, रस्ते झाडण्याचं. एतद्देशीयांनी यावर हात बसवावा, मोठ्या गोष्टी साहेब बघेल, असा त्यातला भाव. आणि अशा, साहेबानंच शिकाऊ म्हणून बसवलेल्या संस्थेनं आपल्याच छपरावर साहेबाचा नसलेला झेंडा चढवला. म्हणजे तिनं सांगितलं की दिवाबत्ती करण्याचा आमचा अधिकार तुमच्याकडून आलेला नाही, तो खालून, या गावातून आलेला आहे. कापड तेच, पण घरावर लावलं तर मत आणि पालिकेवर लावलं तर दावा. वसाहतीच्या राजवटीला मतं सोसत होती, दावा सोसत नव्हता.

आता दुसरी गोष्ट. सहा एप्रिलला जो झेंडा चढला तो कोणता? आपल्या चित्रांत, देखाव्यांत, शाळेच्या नाटकांत हुतात्म्यांच्या हातात आपण आजचा तिरंगा देतो. केशरी, पांढरा, हिरवा, मध्ये निळं चक्र. १९३० मध्ये असा झेंडा नव्हता. तेव्हाचा झेंडा १९२१ पासून चालत आलेला : वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल, आणि त्यावर चरखा. पिंगळी वेंकय्या यांनी विजयवाड्याला गांधीजींपुढे नमुना ठेवला, त्यातून तो घडला. लाल रंग हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा बाकी सगळ्यांचा, असं त्याचं वाचन खुद्द गांधीजींनीच सांगितलं होतं. त्यावर शीख म्हणाले, आमचा रंग कुठे? दुसऱ्यांनीही विचारलं. रंगांत जाती-धर्म मोजायला लागलात की रंग पुरत नाहीत. म्हणून १९३१ मध्ये काँग्रेसनं केशरी-पांढरा-हिरवा हा क्रम ठरवला आणि ठरावातच स्पष्ट केलं की या रंगांना धर्माचा अर्थ नाही. केशरी धैर्य आणि त्यागाचा, पांढरा शांती आणि सत्याचा, हिरवा श्रद्धेचा.

हे सोलापुरात का सांगायचं? कारण झेंडा बदलला तरी आपलं वाचन १९२१ मध्येच अडकलंय. चार पुतळ्यांजवळ झालेलं कुठलंही भाषण आठवा. ‘एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान, बघा कसं ऐक्य!’ ऐक्य होतं, ते खोटं नाही. पण हे वाक्य म्हणून आपण चार माणसांचे चार रंगाचे पट्टे करतो. कुर्बान हुसेन यांच्याबद्दल आपल्या भाषणांत एकच विशेषण उरतं, ‘मुसलमान’. ते ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवत होते, गिरणी कामगारांच्या चळवळीत होते, विशीतले होते. त्या मे महिन्यात ते सरकारला धोकादायक का वाटले असतील, याचं उत्तर पत्रकार आणि कामगार पुढारी या दोन शब्दांत शोधावं लागेल. त्यांच्या धर्मानं आपलं भाषण सजतं, त्यांच्या कामानं मात्र आपली पंचाईत होते. कारण मग विचारावं लागतं की गिरणी कामगाराला या झेंड्यात काय दिसलं?

हा प्रश्न सोपा नाही. झेंड्यावर चरखा होता आणि सोलापूर गिरण्यांचं गाव. जुनी गिरण, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. आंध्राकडून आलेले पद्मशाली विणकर घरी हातमागावर बसलेले. या कामगारापुढे झेंडा आला, त्यावर चरखा. चरख्याचा सरळ अर्थ असा की यंत्राच्या सुताऐवजी हातानं सूत कातावं. म्हणजे ज्या यंत्रावर त्याची चूल पेटत होती, त्या यंत्राला हे चिन्ह पर्याय सांगत होतं. तरीही तो त्या झेंड्यामागे गेला. मी यातून एवढंच काढतो, की लोक चिन्हाचा अर्थ शब्दकोशातून घेत नाहीत. चरख्यात त्याला आपल्या कष्टाचं काहीतरी दिसलं असणार. हातानं काम करणाऱ्याचं अवजार राष्ट्राच्या झेंड्यावर येतं, ही गोष्ट जगात तेव्हा फार ठिकाणी घडलेली नव्हती. राजांच्या झेंड्यावर सिंह, गरुड, मुकुट. इथे लाकडाचा चरखा.

आता तिसरी गोष्ट, मे महिना. ८ मे रोजी शिंदीची झाडं तोडण्याच्या सत्याग्रहावरून गर्दी आणि पोलीस समोरासमोर आले, कलेक्टर नाइट होता, गोळीबार झाला. शंकर शिवदारे पडले. त्यांच्या हातात झेंडा होता, असं शहर आजही सांगतं. त्याच दिवशी जमावानं चौकीवर दोन पोलीस मारले. आपल्या गोष्टीत ही दोन माणसं फक्त आकड्यानं येतात, ‘दोन पोलीस’. तेही इथलेच, पोटासाठी सरकारी डगला चढवलेले. वसाहत म्हणजे फक्त गोऱ्यानं काळ्यावर केलेलं राज्य नसतं. काळ्यालाच काळ्यासमोर उभं करण्याची ती व्यवस्था असते. झेंड्याची गोष्ट सांगताना ते दोघे गाळले, तर वसाहतीचं अर्धं यंत्रच आपण गाळतो. आणि या हत्यांशी फाशी गेलेल्या चौघांचा संबंध नव्हता, हेही शहर तेव्हापासून सांगत आलेलं आहे. ते म्हणणं आणि या दोघांची आठवण, दोन्ही एका वाक्यात मावायला हवीत.

नंतरच्या तीन दिवसांत पोलीस रस्त्यावर नव्हते. स्वयंसेवक बंदोबस्त करत होते, वाहतूक बघत होते. आपण याला ‘स्वतंत्र सोलापूर’ म्हणतो. झेंड्याच्या दृष्टीनं हे दिवस फार वेगळे आहेत, कारण एरवी झेंड्यामागे राज्य असतं. तोफ असते, तुरुंग असतो, सलामी देणारी पलटण असते. त्या तीन दिवसांत झेंडा होता आणि त्याच्यामागे फक्त माणसं होती.

मग १२ मेला लष्कर आलं आणि मार्शल लॉ जूनअखेरपर्यंत राहिला. त्यात झेंडा गुन्हा ठरला. झेंडा बाळगणाऱ्याला शिक्षा, गांधी टोपी घालणाऱ्याला धाक. तुळशीदास जाधवांवर बंदूक रोखून टोपी काढायला सांगितलं आणि त्यांनी ती काढली नाही, ही आठवण तुमच्यापैकी अनेकांच्या घरात सांगितली गेली असेल. मोठं साम्राज्य, आणि ते एका टोपीशी आणि हातभर कापडाशी झगडतंय! पण साम्राज्य मूर्ख नव्हतं. त्याला नेमकं कळलं होतं की कापडाला आपण परवानगी दिली नाही, आणि आपल्या परवानगीशिवाय लोकांना काही पवित्र वाटू लागलं तर आपलं काम संपलं. झेंड्याचा अर्थ त्याला शिवणाऱ्यानं जितका ठरवला तितकाच त्याच्यावर बंदी घालणाऱ्यानंही ठरवला.

माझं आजचं म्हणणं याच ठिकाणी आहे. वसाहतीच्या काळात झेंड्याचा खरा प्रश्न रंगांचा नव्हता, परवानगीचा होता. छपरावर काय लागेल हे कोण ठरवणार? सोलापूर म्हणालं, आम्ही ठरवणार. आता हाच प्रश्न हातात घेऊन १९४७ च्या पुढे चालू.

सत्तांतराच्या वेळी माउंटबॅटननी सुचवलं होतं की नव्या झेंड्याच्या कोपऱ्यात लहानसा युनियन जॅक ठेवावा, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडसारखा. नेहरूंनी ते मानलं नाही. गांधीजींना मात्र कोपऱ्यातल्या युनियन जॅकचं एवढं वावडं वाटत नव्हतं. त्यांना दुखलं ते चरखा गेल्याचं. चरखा नसेल तर त्या झेंड्याला मी वंदन करणार नाही, इथपर्यंत ते बोलले. यात विसंगती वाटते, पण विचार केला तर संगती दिसते. गांधीजींच्या लेखी गुलामी कोपऱ्यातल्या चित्रात नव्हती, मँचेस्टरच्या कापडात होती. चित्र राहिलं तरी चालेल, कापडाचा हिशोब राहिला पाहिजे.

२२ जुलै १९४७ ला संविधान सभेत नेहरूंनी ध्वजाचा ठराव मांडला. चरख्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरचं चक्र आलं. कारणांपैकी एक अगदी व्यवहारी होतं : चरखा एका बाजूनं सरळ दिसतो, दुसऱ्या बाजूनं उलटा. चक्र दोन्हीकडून सारखं. बरोबर आहे. वकिलातीवर, जहाजावर, संयुक्त राष्ट्रांच्या दारात लागणाऱ्या झेंड्याला हे लागतंच. पण बघा, इथेच झेंड्याचं घर बदललं. मिरवणुकीत झेंडा उलटा दिसतो की सुलटा, याची फिकीर मिरवणुकीला नसते. ती फिकीर राज्याला असते. चळवळीचा झेंडा राज्याचा झाला, त्याची ही पहिली खूण. आणि त्या पंधरा ऑगस्टला दिल्लीत युनियन जॅक समारंभपूर्वक उतरवण्याचा कार्यक्रमच वगळला गेला, इंग्रजांचं मन दुखावू नये म्हणून. नवा झेंडा चढला, जुना कोणाच्या डोळ्यांसमोर उतरला नाही. मला यात राष्ट्राच्या पुढच्या प्रवासाचं बरंच काही दिसतं. खूप गोष्टी चढल्या, पण त्यांच्या जागी आधी काय होतं ते उतरलं का, हे आपण पाहिलंच नाही.

उदाहरण परवानगीचंच घ्या. स्वतंत्र भारतात सामान्य नागरिकानं आपल्या घरावर रोज राष्ट्रध्वज लावायचा म्हटलं तर तसा हक्क त्याला नव्हता. किती वर्षं? २६ जानेवारी २००२ पर्यंत. चोपन्न वर्षांहून जास्त! ठरावीक दिवशी मुभा : प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन, गांधी जयंती आणि राष्ट्रीय सप्ताह. राष्ट्रीय सप्ताह म्हणजे ६ ते १३ एप्रिल, १९१९ च्या हरताळापासून जालियनवाला बागेपर्यंतचे दिवस. म्हणूनच दांडी आणि सोलापूर, दोन्हींची तारीख सहा एप्रिल आहे. एरवी झेंडा मंत्र्यांचा, न्यायालयांचा, कचेऱ्यांचा. हा हक्क आपल्याला मिळाला कसा, तर नवीन जिंदाल नावाच्या उद्योजकाला रायगढच्या कारखान्यावर झेंडा लावण्यास अधिकाऱ्यांनी हरकत घेतली म्हणून. ते न्यायालयात गेले. २३ जानेवारी २००४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सन्मानपूर्वक झेंडा लावणं हा नागरिकाच्या अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग आहे. चांगलाच निर्णय. पण ज्या देशात झेंड्यासाठी माणसं मेली तिथे ‘झेंडा लावू का?’ हे विचारायला माणसाला कोर्टात जावं लागलं, ही गोष्ट कशी वाचायची? अवमान होऊ नये हा हेतू प्रामाणिक होता. पण त्याखाली एक जुना समज दडलेला आहे की लोकांच्या हाती दिलं की लोक घाण करतील. हा समज आपण कुठून घेतला, ते १८८२ च्या ठरावाकडे पाहिलं की कळतं. शिकाऊ एतद्देशीय!

आता कापडाचा हिशोब. स्वतंत्र भारताच्या मानक संस्थेनं आपलं पहिलं मानक, आयएस १, कशासाठी लिहिलं? राष्ट्रध्वजासाठी, १९५१ मध्ये. सूत कसं, धागे किती, रंग किती पक्का, सगळं त्यात. कापड खादीचं. कर्नाटकात हुबळीजवळ बेंगेरीला आणि आपल्याकडे नांदेडला खादी संस्था या कामात आहेत. कातणाऱ्या-विणणाऱ्या बायाबापड्यांचा चरखा झेंड्यावरून उतरला होता, पण झेंड्याच्या धाग्यात शिल्लक होता. ३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहितेत बदल झाला आणि यंत्रावरचं, पॉलिएस्टरचं कापडही चालू लागलं. पुढच्या ऑगस्टमध्ये घरोघरी झेंडा, आणि तो रात्रीही ठेवायला मुभा. झेंडा स्वस्त झाला, ज्याला कधी परवडत नव्हता त्याच्याही दारावर आला. परवानगीच्या अंगानं पाहिलं तर हे पुढचं पाऊल आहे, आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. यंत्रमागाच्या गावात उभं राहून यंत्राच्या कापडाला नाक मुरडणं ढोंगीपणाचं होईल. हेच यंत्र इथे टॉवेल आणि चादरी विणतं आणि घरं चालवतं.

पण हिशोब दुसऱ्या बाजूनंही मांडायला हवा. वसाहतीनं आपल्याला नागवलं ते मुख्यतः कापडातून. इथला कापूस तिकडे, तिकडचं कापड इकडे. ती सगळी कैफियत आपण एका कापडात, कसल्याही घोषणेविना, विणून ठेवली होती. खादीचा झेंडा म्हणजे आपला इतिहासाचा पुरावा होता. आता कापड कुठलंही चालतं, तर पुरावा दुसरीकडे ठेवावा लागेल. कुठे ठेवला? झेंडा घेताना हे कापड कोणी विणलं, त्याला काय मजुरी मिळाली, हे विचारायची सवय सोलापुराला तरी असावी. आपलं पोटच त्या प्रश्नावर आहे.

आणखी एक प्रश्न. झेंडा चढला तेव्हा खाली कोण उभं होतं, आणि कोणाला उभं राहता आलं नाही?

आपल्या शहरात ‘सेटलमेंट’ हा भाग आहे. ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ असा पत्ता लोक आजही सांगतात. त्यातला ‘फ्री’ शब्द कुठून आला याचा विचार बाहेरचा माणूस करत नाही. १८७१ पासून इंग्रजांनी ‘गुन्हेगार जमाती’ असा कायदा केला. जन्मानंच गुन्हेगार. तारेच्या कुंपणात वस्ती, हजेरी, बाहेर जायला पास. सोलापूरची सेटलमेंट त्यातली मोठी, आणि तिथली माणसं गिरण्यांना मजूर म्हणून पुरवली जात. पंधरा ऑगस्ट १९४७ ला हा कायदा इथे जिवंत होता. शहरात झेंडा चढला आणि तारेच्या आत हजेरी सुरू होती. देशभरातून तो कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. भटक्या-विमुक्तांत बरेच जण हाच दिवस आपला मुक्तीचा दिवस मानतात. पाच वर्षं आणि सोळा दिवस उशिरा. मला वाटतं, वसाहतीच्या भूतकाळाच्या उजेडात झेंडा बघायचा तर या तारेतून बघावा. झेंडा बदलायला एक मध्यरात्र पुरते. हजेरीचं रजिस्टर बंद व्हायला वर्षं लागतात, आणि शेजाऱ्याच्या नजरेतलं रजिस्टर अजून बंद व्हायचंय.

दुसरीकडे, आपल्या पूर्वेला निजामाची हद्द. तुळजापूर, नळदुर्ग म्हणजे आपल्या हाकेच्या अंतरावर. तिथे पंधरा ऑगस्टला हाच झेंडा गुन्हा होता. स्वामी रामानंद तीर्थांनी तो उभारला आणि अटक झाली. पुढच्या वर्षी १३ सप्टेंबर १९४८ ला फौजेची मुख्य आघाडी सोलापूरहूनच निघाली आणि पाच दिवसांत हैदराबाद संपलं. म्हणजे वर्षभर असं होतं की सोलापूरच्या कचेरीवर जो झेंडा राज्याचा, तोच काही कोसांवर बंडखोराचा. एकच कापड, एकच रंग, अर्थ उलटे. झेंड्याचा अर्थ कापडात नसतो, तो जिथे उभारलाय त्या जमिनीत असतो, याचा आणखी काय पुरावा हवा?

अलीकडे वसाहतीच्या खुणा पुसण्याचं वारं आहे. २ सप्टेंबर २०२२ ला नौदलाच्या निशाणावरचा सेंट जॉर्जचा क्रॉस गेला आणि शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. आपल्याला, मराठी माणसाला, त्याचा आनंद झाला आणि व्हायलाच हवा. न्यूझीलंडनं २०१६ मध्ये सार्वमत घेऊन युनियन जॅक असलेला झेंडाच राखला. त्यांचा निर्णय त्यांच्यापाशी. मला इतकंच सांगायचं आहे की कोपऱ्यातली खूण पुसणं हे त्यातलं सर्वांत सोपं काम. अवघड काम परवानगीची जुनी सवय मोडण्याचं आहे.

आणि शेवटी पुन्हा पालिका, कारण गोष्ट तिथूनच सुरू झाली होती. १९३० मध्ये निवडून आलेल्या नगरपालिकेनं कलेक्टरच्या मर्जीविरुद्ध झेंडा चढवला. मार्च २०२२ मध्ये आपल्या महापालिकेची मुदत संपली, आणि नंतर काही वर्षं निवडणूकच झाली नाही. कारभार प्रशासकाच्या हाती, म्हणजे वरून नेमलेल्या अधिकाऱ्याच्या. त्या वर्षांत छपरावर झेंडा रोज होता, छपराखाली सभागृह रिकामं होतं. पाणी किती दिवसांनी येतं हे विचारायला नगरसेवक नव्हता. मी कोणा एका पक्षाबद्दल बोलत नाही, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांचं तेव्हा हेच झालं. मी विचारतोय की शहरातून ओरड का उठली नाही? ‘पहिली नगरपालिका’ म्हणून दर सहा एप्रिलला छाती फुगवणारं शहर नगरपालिकेविना वर्षानुवर्षं राहिलं, आणि त्याला काही गमावल्यासारखं वाटलं नाही. कारण आपण गोष्टीतला झेंडा लक्षात ठेवला आणि पालिका विसरलो.

माणिकचंद शहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला दावा साधा होता. हे गाव आमचं, याची गटारं आमची, दिवे आमचे, म्हणून छप्पर आमचं आणि त्यावरचा झेंडा आमचा. क्रम असा होता, गटारांपासून झेंड्यापर्यंत. आपण क्रम उलटा केला. झेंडा आधी, गटारं बघू पुढे. सहा एप्रिल साजरा करायचाच असेल तर मी एक सुचवतो. त्या दिवशी पालिकेत झेंडावंदन झाल्यावर सभागृह सर्वांना उघडं ठेवा. शहरानं वर्षभराचा हिशोब विचारावा आणि पालिकेनं तो द्यावा. सेटलमेंटमधल्या माणसानं विचारावा, विडी वळणाऱ्या बाईनं विचारावा, यंत्रमागावरच्या पोरानं तेलुगूत विचारावा. १९३० चा झेंडा ज्या अधिकारासाठी चढला होता तो हाच, विचारण्याचा. तो वापरला नाही तर छपरावर उरतं ते फक्त कापड, मग ते खादीचं असो की पॉलिएस्टरचं.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.